राणीबागेतले पाठमोरे बाक

कमळापूरच्या राणीबागेत शिरताच समोर सभेचा दगडी चौथरा दिसतो. भोवतालची सारी बाके त्याच्याकडे तोंड करून आहेत. एकच बाक तेवढे चौथऱ्याला पाठ करून तळ्याकडे पाहत बसले आहे. पाहुणे ते पाहून गवंड्याला हसतात. गावातील जुनी माणसे हसत नाहीत. या बागेत सभा, कीर्तन, हळदीकुंकू, काहीही करायचे असो, नगरपालिकेच्या परवानगीखेरीज या बाकाचीही परवानगी घ्यावी लागते, असे ती सांगतात; आणि मग भिवराबाईंची गोष्ट निघते.

भिवराबाई पोतनीस या संस्थानाच्या काळातल्या. राणीसाहेबांनी बाग उभारली, तेव्हा तीत बायकांना जमण्याची परवानगी देण्याचा मान म्हणे त्यांनी भिवराबाईंना दिला. बाईंनी पदरात विडा घातला की परवानगी; नाही घातला, तर विषय संपला. श्रावणातल्या शुक्रवारी चौथऱ्यावर बसून कहाणी सांगत त्याही बाईच. पाठांतर इतके चोख, की एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

एका श्रावणात चौथऱ्यापुढची जागा मोकळी दिसू लागली. बाईंनी चौकशी केली. बायका मैना कासारणीच्या दारात बसतात, असे कळले. ही मैना बांगड्या भरताना हात दुखू नये म्हणून कहाण्या सांगे, आणि बांगड्या पुरे झाल्या तरी बायका कहाणी पुरे म्हणत नसत. भिवराबाईंनी घरी येऊन सुनेचे हात पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत जागा उरली नव्हती! त्या दिवसापासून बाईंना अन्न गोड लागेना.

अशात मैना स्वतःच विडा मागायला आली. तिच्यामागे निम्मी आळी उभी होती.

“बाई, दारात माणसं मावत नाहीत आता. बागेत बसू द्या.”

“बागेत कहाणी होते, मैना. मी सांगते ती.”

“होते की. पण तुमच्यापुढे मांडी बदलायचीसुद्धा भीती वाटते म्हणतात सगळ्या.”

मागे कोणीतरी खुदकन हसले. बाईंनी फुटक्या बांगड्यांच्या काचांचे कारण सांगितले, हिरवळीचे सांगितले, राणीसाहेबांच्या मर्जीचेही सांगितले. बायका हलेनात. तेव्हा बाई म्हणाल्या, “बरं तर. जिला तुझी कहाणी मुळीच ऐकायची नाही, अशी एक बाई आण. ती शेवटपर्यंत बसली, तर विडा. मध्येच उठली, तर पुन्हा या दारात यायचं नाही.”

“अशी बाई दुसरी कुठं शोधू?” मैना म्हणाली. “तुम्हीच या.”

भिवराबाईंना नेमके तेच हवे होते.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी आपले आसन चौथऱ्याकडे पाठ करून मांडायला लावले. मैनेचे तोंड पाहायचे नव्हते, आणि आपले कोणाला दाखवायचेही नव्हते. कुठे उठायचे, ते मनात ठरलेले होते: कहाणी ऐन रंगात आली की पदर सावरायचा आणि चालू लागायचे.

कहाणी धाकट्या सुनेची होती. सासू तिला फुटकी घागर देऊन विहिरीवर धाडते, ती. मैनेने सासूचा आवाज असा काढला, की बायका लोटपोट झाल्या. त्या हसण्यात एक हसू बाईंना निराळे ऐकू आले. ते त्यांच्या सुनेचे होते. घरात इतकी वर्षे वावरलेल्या त्या मुलीला असे हसता येते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. बाईंनी पदर सावरला.

“मग सुनेनं घागर विहिरीत सोडली, आणि…” एवढे बोलून मैना अडली. पुढचे तिला आठवेना. बाईंनी नुसते उठायचे होते. मैनेची कहाणी त्या दिवशी आणि कायमचीच संपली असती.

“अगं, सोडली कशी?” पाठमोऱ्या बाई कडाडल्या. “आधी विहिरीला नमस्कार केला तिनं! म्हणाली, ‘आई, माझी लाज राख.’ मग सोडली!”

मैनेवरचा राग जिथल्या तिथे होता. पण कहाणी अशी मोडून पडलेली बाईंच्याने ऐकवेना.

“हो बाई,” मैना हलकेच म्हणाली. “आधी नमस्कार केला.” आणि कहाणी पुढे निघाली.

ती संपेपर्यंत भिवराबाई उठल्या नाहीत. मग कमरेची चंची काढून त्यांनी तिथेच विडा लावला, आणि मान न वळवता हात तेवढा मागे केला. मैनेने पदर पुढे केला. बाईंचे खांदे हलत होते, म्हणतात. ते पाहून सुनेने बायकांना खूण केली, आणि साऱ्याजणी तळ्याची वाट सोडून मागच्या दरवाजाने निघून गेल्या.

बाईंचा मत्सर गेला, असे मात्र कोणी सांगत नाही. जन्मभर त्या दर शुक्रवारी येत, पाठ फिरवून बसत आणि मैनेच्या चुका काढत. त्यांच्या पश्चात गावाने त्या जागी दगडी बाक बसवले.

आजही राणीबागेत सभा मागणाऱ्याने आपल्यावर जळणारे एक माणूस हुडकून, हातापाया पडून या बाकावर आणून बसवायचे असते. ते शेवटपर्यंत बसले, तरच पुढच्या खेपेस परवानगी. सभा संपली की मंडळी मागच्या दरवाजाने बाहेर पडतात. तळ्याच्या बाजूने कोणी जात नाही. बाकावरचे माणूस एकटे उरते, आणि तोंड पुसून आपल्या सवडीने उठते.