गळलेल्या पिसांची माफी

"घाई कशाला? पिसं गळायचे दिवस जवळ आलेत, तेव्हाच माफी मागू. तोवर मान खाली घालून हिंडायचं, म्हणजे झालं."

मुलांनो, हे बोलत होता एक मोर, आणि ऐकत होता त्याच्या दिमतीचा पोपट. वरच्या फांदीवर एक साळुंकी बसली आहे, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. ती नुकतीच लग्न होऊन नदीकाठच्या या रानात आली होती. नव्या सुनेकडे सगळे बघतात; ती काय बघते, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्या रानातल्या पाखरांचा मोराच्या नाचावर फार जीव. श्रावणात नाचता नाचता मोर वाळूत उतरला आणि टिटवीची अंडी त्याच्या पायाखाली फुटली. एक तेवढे वाचले. टिटवी ओरडत आली, तेव्हा पिसारा न मिटताच तो म्हणाला, "उघड्या वाळूत अंडी घालायची, आणि वर नाचणाऱ्याच्या नावाने गळा काढायचा." सगळे हसले. घरी गेल्यावर काहींना आपलेच हसणे बोचले. पुढच्या नाचाला गर्दी निम्मी झाली, तेव्हा कुठे मोराला पश्चात्ताप झाला.

पाखरांचा रिवाज जुना होता. चुकणाऱ्याने चूक घडली त्याच जागी यायचे आणि अंगावरचे एक पीस उपटून ठेवायचे. उपटताना दुखते, म्हणूनच त्याला मोल. ज्याचे नुकसान झाले त्याने ते पीस उचलले, तर माफी मिळाली. नाही उचलले, तर चुकणाऱ्याने रान सोडायचे.

साळुंकी हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याची पिसं आपोआप गळणार आहेत. त्याला काहीच दुखायचं नाही."

"मोठ्यांचं बोलणं आपण ऐकलंच नाही म्हणायचं," नवरा म्हणाला.

शेजारी बसलेली जाऊ हसली. "हिच्या माहेरी मोर नसतील. म्हणून आमचा डोळ्यांत खुपतो."

साळुंकीने चोच पंखात खुपसली.

भाद्रपदात सगळे वाळूत जमले. टिटवी उरलेल्या अंड्यावर बसून होती. मोराने अंग झटकले, तशी पिसेच पिसे खाली पडली. "एक कशाला, सगळा पिसारा ठेवतो," तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. "माझ्या नाचण्याने कुणाचं मन दुखावलं असेल, तर..."

"मन नाही," टिटवी म्हणाली. "अंडी फुटली."

"अगं, तो रडतोय, आणि तू शब्दांत काय धरतेस?" कावळा म्हणाला.

"एवढा मोठा, पण केवढा नमला," साळुंकीच्या सासूने पंखाने डोळे टिपले.

तेवढ्यात पोपट ओरडला, "माफ केलं!" मग सगळेच ओरडू लागले. पहिले पीस कोणी उचलले ते कळले नाही, पण लगेच अख्खा थवा वाळूवर तुटून पडला. मोराचे पीस प्रत्येकाला आपल्या घरट्यात हवे होते. टिटवी पंख पसरून अंड्यावर उभी राहिली, जिवाच्या आकांताने ओरडली. त्या जयजयकारात तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

गर्दी उठली तेव्हा वाळूत एकही पीस उरले नव्हते. अंडेही उरले नव्हते. ओलसर डाग होता आणि कवचाच्या ठिकऱ्या. टिटवी थोडा वेळ त्यांच्याजवळ उभी राहिली, मग नदीपलीकडे उडून गेली. मोर त्याच रानात राहिला. पुढच्या नाचाला बसायला जागा मिळेना, असे म्हणतात.

त्या संध्याकाळी सासूने आपले पीस घरट्याच्या तोंडाशी खोचले. जाऊ म्हणाली, "टिटवीचा ताठा बघितलात ना? शेवटपर्यंत माफ म्हणून केलं नाही तिने."

"जाऊ दे, आपण केलं ना," सासू म्हणाली. मग तिचे लक्ष नव्या सुनेकडे गेले. "तू गं? तुला एकही पीस मिळालं नाही?"

घरातल्या सगळ्यांसमोर साळुंकी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"ते टिटवीने उचलायचं होतं, आई. तुमचं काय फुटलं होतं, म्हणून तुम्ही उचललंत?"

तात्पर्य : ज्यांचे काहीच गेलेले नसते, त्यांना माफ करणे फार सोपे जाते, आणि ज्याचे गेले, त्याचे उरलेसुरलेही त्या माफीखाली चिरडले जाते.