काचेच्या घरातले खिळे

त्या राज्यात सगळे बोलणे वाऱ्यावरून पोचू लागले होते आणि शिशाच्या खिळ्यांची कुणाला गरज उरली नव्हती. एकेका खिळ्याच्या माथ्यावर एकेक उलटे अक्षर होते. ते ओळीने जुळवून सुगरण पक्षीण पूर्वी कागद छापत असे. लग्ने, भांडणे, मरणाच्या बातम्या, कुणाची तरी पहिलीवहिली कविता. आता छापखान्याच्या छपरावर वेली चढल्या होत्या.

राज्याचा कारभारी बगळा होता. त्याला हे पाहवेना. त्याने छापखान्याभोवती काचेचे घर बांधून घेतले आणि आतले यंत्र रोज चालले पाहिजे अशी आज्ञा केली. सुगरणीने आनंदाने रुळाला शाई लावली. खिळ्यांनाही हायसे वाटले.

येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एक छापील चिठ्ठी मिळे. मजकूर बगळ्यानेच ठरवून दिला होता : ‘राज्यात सर्व कुशल आहे.’ सुगरणीने एकदा दुसरे वाक्य जुळवून पाहिले, तेव्हा त्याने पाहुण्यांचा गोंधळ होतो असे तिला मृदूपणे समजावले.

रोज तेच खिळे दाबाखाली जात. ते झिजले, चिठ्ठी पुसट उमटू लागली. नवे शिसे राज्यात कुठेच मिळेना. मग बगळ्याने सुचवले, की जे खिळे नुसते पडून आहेत ते वितळवावेत आणि झिजलेल्यांच्या जागी नवे ओतावेत.

ङ आणि ञ आधी गेले. ते फारसे कुणाच्या ओळखीचे नव्हते. मग भ, ख, ड, प. ळची पाळी आली तेव्हा तो सुगरणीला म्हणाला, “मी कुणाला लागत नाही, हे ठरलं कधी?”

“घर वाचवायचं आहे रे,” सुगरण म्हणाली. “घर राहिलं तर तुम्ही राहाल.”

तिने ळला वितळवले. त्याचे शिसे थंड झाले तेव्हा त्याच्या माथ्यावर ‘स’ होता. सुगरणीने त्याला ‘सर्व’मध्ये बसवले. चिठ्ठी पुन्हा ठळक उमटली. बगळ्याने तिचे कौतुक केले, आणि त्या दिवशी तिला दाणा गोड लागला नाही.

एका सकाळी हरिणी आली. तिचे पाडस हरवले होते. तिने वाऱ्यावर हाका दिल्या होत्या, पण तिथे इतकी बोलणी वाहत होती की तिची हाक कुणाच्या कानात थांबली नाही. कागद तरी झाडावर टिकून राहील, असे तिला वाटत होते.

सुगरणीने खण उघडले. प नव्हता. ड नव्हता. ती बराच वेळ रिकाम्या खणांत चोच घालत राहिली. शेवटी बगळ्याला न विचारता तिने ते एकुलते वाक्य मोडले आणि त्यातून, आणि खणात उरलेल्या एका झिजक्या ‘ह’मधून, जेवढे जुळले तेवढे छापले : आधी पाडसाएवढी कोरी जागा, आणि तिच्यापुढे ‘हरवले आहे.’

दुपारपर्यंत रानात खोडाखोडावर कागद लागले. प्राणी थांबत, वाचत, इकडेतिकडे पाहत आणि काय शोधायचे ते न कळून पुढे जात. हरिणी मात्र प्रत्येक खोडापाशी थांबून त्या कोऱ्या जागेला हुंगत होती.