ठमाआत्या निघाली बारशाला

एक होती उंदरी. नाव तिचं ठमाआत्या. इवलीशी आत्या, एवढंसं गाठोडं. गाठोड्यात झबलं न् टोपडं. भावाच्या बाळाचं बारसं होतं. आत्याच नाही, तर नाव कोण ठेवणार?

झुक झुक, झुक झुक. आगगाडी थांबली. समोर उभी होती बस. आत्या गाडीतून उतरली न् धावली, तुरुतुरु तुरुतुरु. तेवढ्यात बस गेली, भुर्रर्र! गाडी आली की बस जायची. रोजचंच होतं ते.

मागे होती दुसरी बस. लाल लाल.

"बसबाई, बसबाई, चल ना!"

"टिंग टिंग झाल्याशिवाय मी नाही हलणार जा!"

आत्या गेली कंडक्टरकाकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"काका, काका, दोरी ओढा ना!
बस हलेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"चहा प्यायल्याशिवाय मी नाही ओढणार जा!"

आत्या गेली किटलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"किटलीताई, किटलीताई, चहा दे ना!
काका दोरी ओढेनात,
बस हलेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"दूध आल्याशिवाय मी नाही देणार जा!"

दूधवाला होता रेल्वे फाटकापलीकडे. सायकल धरून उभा, बिचारा. आत्या गेली फाटकाखालून. तुरुतुरु तुरुतुरु.

"दादा, दादा, दूध आणा ना!
किटली चहा देईना,
काका दोरी ओढेनात,
बस हलेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"फाटक उघडल्याशिवाय मी नाही येणार जा!"

आत्या वळली फाटकाकडे.

"फाटकभाऊ, फाटकभाऊ, उघड ना!
दूध येईना,
किटली चहा देईना,
काका दोरी ओढेनात,
बस हलेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"गाडी गेल्याशिवाय मी नाही उघडणार जा!"

आत्या गेली गाडीकडे. दमली हो! तुरु... तुरु...

"गाडीबाई, गाडीबाई, हल ना!
फाटक उघडेना,
दूध येईना,
किटली चहा देईना,
काका दोरी ओढेनात,
बस हलेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

गाडी म्हणाली, "कुणाचं तरी गाठोडं राहिलंय. ते नेल्याशिवाय मी नाही हलणार जा!"

आत्याने पाहिलं. झबलं न् टोपडं!

"अगंबाई! माझंच की!"

धावायच्या घाईत विसरलीच होती.

आत्याने गाठोडं उचललं.
गाडी हलली, झुक झुक.
फाटक उघडलं, कर्रर्र.
दूध आलं, डुचुक डुचुक.
चहा उकळला, खदखद.
काका प्यायले, सुर्रर्र.
दोरी ओढली, टिंग टिंग!
बस निघाली, भुर्रर्र!
आणि आत्या? आत्या खिडकीत!

वाटेत आत्याने काकांना सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "एका गाठोड्यासाठी गाडी थांबते? मग बस का नाही?"

बाळ पाळण्यात वाटच बघत होतं. आत्या वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र! टिंगू!" आत्याच्या पाठीवर बुक्के पडले, धपाधप धपाधप. सगळे खो खो हसले.

तेव्हापासून गाडी आली की काका आधी विचारतात,
"गाडीबाई, आत्या उतरली? गाठोडं उतरलं?"
मग टिंग टिंग.
मग भुर्रर्र.

गाडी गेली गावाला,
बस गेली गावाला,
टिंगू गेला झोपायला.