रुमालाखालचा धंदा

एकदा एक हळदीचा व्यापारी होता. माल अस्सल, माणूस संशयी. त्याच्या पेठेची जुनी चाल अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही; रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा. बघणाऱ्याला काही कळता कामा नये.

धंदा वाढला तसं त्याने एका इंजिनिअरला सौद्याचं सॉफ्टवेअर करायला दिलं. वर्ष सरलं, पण ऐन बाजाराच्या दिवशी ते अडकायचंच. गाड्या रस्त्यावर खोळंबायच्या, शेतकरी शिव्या घालायचे. "शेठ, ह्या हंगामातही हेच झालं, तर माल समोरच्या अडत्याच्या पेढीवर जाईल बरं का," असं ते तोंडावर सांगू लागले. तीन पिढ्यांची पेढी बसायची वेळ आली.

शेवटी व्यापारी इंजिनिअरला घेऊन आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. धंदा तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

"आबा, ह्यानं मला बुडवलं."

"मी? शेठ, तुम्ही सांगितलं तेच केलंय!"

"गप्प बसा दोघं," आबा खेकसले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. "हं, ह्याला बोटांनी सांग, तुझा धंदा कसा चालतो."

व्यापाऱ्याने बोटं दाबली.

"काय कळलं रे?"

"काही नाही, आबा. बोटं दुखली."

"आता तू सांग, तुझं काम कुठं अडलंय."

इंजिनिअरने उगाच चार बोटं दाबली. व्यापारी चिडला. "आबा, हा काय पोरखेळ?"

"वर्षभर तुम्ही दुसरं काय करताय? अरे, भाव करताना रुमाल ठीक. तिथं समोरचा परका. पण जो तुझं घर बांधतोय, त्याच्यापासून जमीन कुठं भुसभुशीत आहे ते लपवलंस, तर छप्पर कुणाच्या टाळक्यात पडेल? आणि तू रे इंजिनिअर, भिंतीला तडा गेलेला दिसतोय आणि वर चुना फासतोस? विश्वास आधी मिळत नसतो. आधी उघडं व्हावं लागतं."

व्यापाऱ्याने रुमाल बाजूला केला.

"मी सांगितलं होतं, आधी वजन, मग सौदा. ते खोटं. गर्दीत आम्ही सौदा आधी करतो, वजन मागाहून. समोरच्या अडत्याचं कामही तुमच्याकडेच आहे. त्याला कळेल म्हणून बोललो नाही."

इंजिनिअरने मान खाली घातली. "आणि गर्दीत हे अडकणार, हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. काम जाईल म्हणून 'होतंय, होतंय' म्हणत राहिलो."

"झालं?" आबा म्हणाले. "आता कामाला लागा."

दोघांनी मांडणी मुळापासून बदलली. हंगामाचा पहिला बाजार भरला. सकाळीच इंजिनिअर धावत आला. "शेठ, एक चूक सापडली. अर्धा तास द्या." पूर्वीचा व्यापारी असता तर पेठ डोक्यावर घेतली असती. हा म्हणाला, "घ्या. गाड्या मी सांभाळतो."

त्यानंतर एकही गाडी अडली नाही. दिवस मावळायच्या आत हळदीने पिवळ्याधमक झालेल्या हमालांनी शेवटचं पोतं उचललं आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. एकही शेतकरी समोरच्या पेढीवर गेला नाही.

उलट समोरचा अडत्याच तिथे आला. इंजिनिअरला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्यांनी नेमकं काय बदललं, तेवढं सांगा की."

"सांगतो. पण उद्या ह्यांनी तुमचं विचारलं, तर तेही सांगू?"

अडत्या तसाच माघारी फिरला. खांबाआड उभ्या व्यापाऱ्याने सगळं ऐकलं होतं. त्याने पुढे होऊन भर पेठेत इंजिनिअरला आपल्या शेजारी गादीवर बसवलं.

ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याला खरं सांगा. आणि ज्याचं काम करायचं, त्याला अडचण आधी सांगा. एवढं जमत नसेल, तर करारावर कितीही सह्या मारा, व्यर्थ आहेत.