विळीवरचा अंगठा

किती वर्षं झाली ते विचारू नका, मोजणारं कुणी उरलं नाही. तेव्हा आपल्या निंबारीत ठकूआत्या नावाची लोहारीण होती. नवरा गेल्यावर भाता तिनंच चालवला. पण तिचं नाव झालं ते वेलींमुळे. गावातली पोर सासरी निघाली की आत्या तिच्या विळीच्या पात्यावर वेल काढून द्यायची. विळीशिवाय पोर जायची नाही नि वेलीशिवाय विळी जायची नाही, असं म्हणतात.

वेल कशी काढायची? सांगते, मधे बोलू नका. पात्यावर पातळ मेण लावायचं, मेणात सुईनं वेल कोरायची, वरून मोरचूद, मीठ नि लिंबाचा रस थापायचा. कोरलेल्या रेघांत तो रस लोखंड खातो नि तिथं काळं पडतं. मेणाखालचं मात्र जसंच्या तसं राहतं. सगळी करामत मेणाची.

आणि ज्या साली आत्याच्या एकुलत्या गोजराचं लग्न ठरलं, नेमका त्याच साली डोंगराला वणवा लागला. मोहळं उठून गेली. गावात तोळाभर मेण मिळेना. गोजराला दिली होती पार घाटाखाली, चार दिवसांच्या वाटेवर. वर्षातून एकदा दिसली तरी नशीब! "गावच्या पोरींना वेली अन् पोटच्या पोरीला कोरी विळी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय," बायका म्हणाल्या. त्यांना काय, तोंड उघडलं की झालं. पण आत्याला ते फार लागलं.

तिनं लाख लावून पाहिली, तर सुई लागताच टवके उडाले. राळ लावली, तर तिला तडे गेले नि रस भलतीकडेच शिरला. लग्न चार दिवसांवर आलं. तेव्हा आत्यानं बिब्बे काढले. बिब्ब्याचा डाग कापडावरून जन्मात जात नाही, मग हा रसाला तरी कसा हटेल, असं तिच्या मनानं घेतलं. पण बिब्बा उततो, बाबांनो! अंगाला लागला की टरारून फोड येतात. आत्याला ते ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं.

तिनं बिब्ब्याचं तेल काढलं आणि बाभळीच्या काट्यानं पात्यावर वेल रेखली. दोन दिवस रेखत होती. बोटं सुजून केळ्यांएवढी झाली, असं म्हणतात. काटा हातात आहे की गळून पडलाय, तेही तिला कळेना. तेल वाळलं, वर रस थापला, शेवटी राखेनं पातं घासलं. काळ्या पात्यावर वेल चांदीसारखी लखलखली. आणि वेलीच्या मधोमध, रेघ न् रेघ दिसेल असा, आत्याचा अंगठा! बिब्ब्यानं माखलेला तो अंगठा कधी टेकला, सुजल्या हाताला कळलंच नव्हतं.

दारात वऱ्हाड आलेलं, दुसरी विळी करायला वेळ कुठला? "नासवली गं मी तुझी विळी," म्हणून आत्या रडायला लागली.

गोजरानं विळी उचलून उराशी धरली. "आई, वेल काय, कुणीही काढील. तुझा हात मला तिथं कुठं दिसणार होता?"

विळी घाटाखाली गेली. पातं झिजलं, पण अंगठ्यावर कधी गंज चढला नाही, असं म्हणतात. माहेर आठवलं की गोजरा त्यावर आपला अंगठा ठेवायची, नि लोखंड ऊन ऊन लागायचं. एका सकाळी ते गार लागलं. गोजरा भाजी तशीच टाकून निघाली. निरोप्या तिला अर्ध्या वाटेत भेटला.

आता मेणाला तोटा नाही. निंबारीत वेल मेणातच कोरतात, पण मधली जागा मोकळी ठेवतात. तिथं आई बिब्ब्यात अंगठा बुडवून टेकवते. फोड येतोच. माझ्या आईलाही आला होता. किती ओरडले मी तिच्यावर! ती नुसती हसत होती.

आणि पोर पहिल्यांदा माहेरी आली की आमच्याकडे आधी पाणी घेत नाही. उंबऱ्यातच आईचा हात धरते, अंगठा उलटा करून बघते, नि विचारते, "भरला का गं?"