पांढरा राहिलेला तुकडा

एका घाटमाथ्यावरच्या गावात एकदा एक वृद्ध घड्याळजी राहत होते. नजर मंदावल्यावर त्यांनी दुकान बंद केले. वेळेचा नाद मात्र सुटला नाही. संध्याकाळी ते गच्चीवर ट्रायपॉडला कॅमेरा लावून बसत आणि वरून जाणाऱ्या उपग्रहांची छायाचित्रे घेत. जमिनीवर अंधार झाला तरी तेवढ्या उंचीवर काही काळ ऊन असते. त्या उन्हात उपग्रह चमकतो आणि छायाचित्रात ताऱ्यांमधून एक बारीक रेघ उमटते. ती कोणत्या ताऱ्याजवळून, नेमकी कोणत्या सेकंदाला गेली हे मोजले, की उपग्रहाचा मार्ग कळतो.

ही विद्या शिकायला जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक तरुण प्राध्यापिका त्यांच्याकडे येई. तिच्या विद्यार्थ्यांनी चार वर्षे खपून एक लहानसा उपग्रह बनवला होता. तो वर गेला, तीन महिने नीट बोलला, आणि एका सोमवारी त्याचे छोटे इंजिन काही क्षण आपोआप चालू झाले. त्यानंतर महाविद्यालयाची अँटेना नेहमीच्या वेळी नेहमीच्या दिशेला रोखली, तर तिथे कोणीच नव्हते. बॅटरी फार तर रविवारपर्यंत पुरणार होती. त्याआधी तो सापडला, तर अँटेना वळवून त्याला पुन्हा सावरण्याचा संदेश धाडता येणार होता.

घड्याळजींनी मिनिटांच्या खुणा केलेली आलेख-कागदाची लांब पट्टी गच्चीतल्या भिंतीवर चिकटवली. "वाट जवळपास तीच आहे, वेळ बदलली आहे," ते म्हणाले. "लवकर येत असेल, नाहीतर उशिरा. इंजिनात इंधन होतंच किती? म्हणजे या पट्टीच्या बाहेर तो जाऊच शकत नाही." फरक रोज किती वाढेल तेही त्यांनी पट्टीत धरले होते. कॅमेरा वाटेवर रोखून रोज पट्टीच्या एकेका तुकड्याएवढ्या वेळाची ओळीने छायाचित्रे घ्यायची, आणि जेवढ्या वेळात रेघ उमटली नाही तेवढी पट्टी निळ्या पेन्सिलीने रंगवायची, असे ठरले.

बुधवारी काही मिळाले नाही. गुरुवारीही नाही. दोन्ही दिवशी घड्याळजींनी वहीत सुरुवातीचा सेकंद लिहिला, शेवटचा सेकंद लिहिला, जवळचा तारा लिहिला, आणि पुढे "दिसला नाही" असे सुवाच्य अक्षरांत नोंदवले.

"काका, न दिसल्याचा एवढा थाट?" तिने विचारले.

"दिसल्याचा तर कोणीही करील."

शुक्रवारी त्यांना ताप आला. पट्टीचा उरलेला तुकडा तिने एकटीने पाहिला. शनिवारी ती आली तेव्हा ते शाल पांघरून गच्चीत बसले होते.

"पट्टी संपली, काका. काल पण काही नव्हतं. तुमचं गणित चुकलं असेल. आज दुसरीकडे बघू या."

"कालचे फोटो दाखव."

"ते पुसले. कार्ड भरलं होतं, आणि त्यांत काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं, हे कशावर पाहिलंस?"

"कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर."

"कितीपासून कितीपर्यंत?"

"सव्वासातच्या सुमारास सुरू केलं. साधारण अकरा-बारा मिनिटं."

घड्याळजींनी निळी पेन्सिल उचलली, क्षणभर पट्टीकडे पाहिले आणि ती पुन्हा खिशात घातली. "साधारणला रंग नाही, प्राध्यापकबाई."

आणि मग, हाती एकच संध्याकाळ उरलेली असताना, त्यांनी कॅमेरा कालच्याच तुकड्यावर रोखला. तिला हे कोडे उलगडेना.

"काका, मी डोळ्यांनी बघितलंय. बघितलेलंच परत बघून आजचा दिवस घालवायचा?"

"तू बघितलंस, ते खरं. पण ते आता तुझ्यापाशीही नाही आणि माझ्यापाशीही नाही." त्यांनी वहीची जुनी पाने उलटली. तिथले अक्षर निराळे, गोलसर होते. "ही लिहायची. तीन वर्षं झाली तिला जाऊन. बघ, 'ढग'. 'दिसला नाही'. 'दिसला नाही, वारा फार'. सापडलेल्या रेघा वहीभर मिळून तीस-पस्तीस असतील. तेवढ्याच ठेवल्या असत्या, तर बाकीच्या संध्याकाळी आम्ही दोघं इथे बसलो होतो, हे मलाही आज खात्रीनं सांगता आलं नसतं. रिकाम्या आकाशाचीसुद्धा वेळ असते, बाई. ती लिहिली की तेवढी जागा निश्चिंतपणे मागे टाकता येते. पुसली, की पुन्हा तिथेच यावं लागतं."

भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळवून तिने शटर सुरू केले. पंधरा मिनिटांनी दोघांनी छायाचित्रे लॅपटॉपवर मोठी करून एकेक पाहिली. एकेचाळिसाव्या छायाचित्रात, खालच्या कोपऱ्यात, केसाएवढी फिकट रेघ होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती दिसलीच नसती.

तिने वेळ आणि जागा मोजली, महाविद्यालयात फोन केला. विद्यार्थ्यांनी अँटेना वळवली. रविवारी सकाळी उपग्रहाने उत्तर दिले.

बातमी सांगायला ती पेढे घेऊन आली. घड्याळजींनी अर्धाच खाल्ला. ताप पुरता उतरला नव्हता. थोड्या वेळाने तिने विचारले, "काका, शुक्रवारी तो माझ्या फोटोंत होता का हो?"

"कोणास ठाऊक."

तिने वही ओढून घेतली. शनिवारच्या नोंदीच्या वर शुक्रवारची एक ओळ कोरी सोडलेली होती. तिथे तिने तारीख घातली, आणि जरा थांबून लिहिले: "पाहिले. काय पाहिले, ते राहिले नाही."

घड्याळजींनी ती ओळ वाचली आणि मान डोलावली. त्यांनी त्यात काही दुरुस्ती केली नाही.

आपल्याही हातून ज्या संध्याकाळी 'काही घडले नाही' म्हणून पुसल्या जातात, त्यांत कोण येऊन गेले, हे विचारायला मग जागा उरत नाही.