निळ्या मस्टँगची मागची सीट

"पण भालबा, उद्या ती भलत्याच माणसाच्या हातात गेली तर?"

"जाईल की."

"जाईल की काय! इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"मग हा दोरा धर. हात मोकळं असलं की जीव टांगतोच."

भालबा सरनोबत झेंडूची माळ ओवत होते. सौमित्र देवस्थळीनं मुकाट्यानं दोरा धरला, पण डोळे होते शेडमधल्या निळ्या मस्टँगवर.

कोल्हापूरबाहेर पन्हाळ्याच्या रस्त्याला भालबांची ही शेड. आत सगळ्या जुन्या अमेरिकन गाड्या. जग त्यांना मसल कार म्हणतं, भालबा पैलवान म्हणायचे. लांबलचक नाक, रुंद खांदे आणि पोटात असलं इंजिन, की सुरू झालं की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दाव्याला हिसके देत.

उद्या दसऱ्याला या सगळ्या पैलवानांचा लिलाव होता. कर्जबिर्ज काही नव्हतं हो. भालबांना एके दिवशी वाटलं, पुष्कळ झालं, आता विकूया. झालं.

आज खंडेनवमी, गाड्यांच्या पूजेचा दिवस. लिलावाला येणाऱ्यांना आजच गाड्या बघायची मोकळीक होती, त्यामुळे सकाळपासून शेडमध्ये नुसती जत्रा भरली होती. कुणी गाडीखाली आडवा, नुसते पाय बाहेर. दोन म्हातारे एका हॉर्नवरून हातघाईवर आलेले. निपाणीच्या दातांच्या डॉक्टर मृणाल कुपेकर हेडलाइटमध्ये टॉर्च मारून अशा बघत होत्या, की आता गाडीला 'आ करा' म्हणतील. आणि सांगलीचा लतीफ अत्तार मस्टँगमध्ये डोळे मिटून सीटचा वास घेत बसला होता.

सौमित्रला सगळ्यात जास्त राग यायचा तो या लतीफचा.

कारण सौमित्र म्हणजे भालबांचा पट्टशिष्य. असं तो स्वतःच सांगायचा. कित्येक वर्षं पुण्याहून येऊन त्यानं भालबांकडून या गाड्या समजून घेतल्या होत्या. मस्टँगचा तर एकेक स्क्रू त्याला तोंडपाठ. पुण्यात बंगल्याशेजारी त्यानं तिच्यासाठी काचेची खोली बांधून ठेवली होती, एसी लावून. धूळ नाही, ऊन नाही, कुणाचं बोट नाही.

भालबांनी माळेला गाठ मारली आणि उठून मस्टँगजवळ गेले. खाली वाकून बघितलं.

"चाकाखालची लिंबं कुठं गेली रं?"

"काढली मी."

"का?"

"टायरवर पांढरी अक्षरं आहेत, भालबा. त्यांच्यावर रस उडाला असता."

"बरं… आन् सकाळी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं हुतं, ते?"

सौमित्रनं खिशातलं मऊ फडकं हळूच आत सारलं.

"मूळचा रंग आहे हो तो. कंपनीचा. इतक्या वर्षांत दुसरा हात लागलेला नाही."

भालबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. खांदे गदगदा हलायला लागले.

सौमित्रला वाटलं, म्हातारा खुशीत आहे, हीच वेळ.

"भालबा, एक मागू?"

"माग की."

"हिला लिलावातून काढा. मला द्या. किंमत तुम्ही म्हणाल ती. ही सगळी मंडळी उद्या बोली लावतील, हौसही करतील. पण खरं सांगा… हिला माझ्याइतकं कुणी ओळखतं?"

भालबांनी डोळ्यातलं पाणी पुसलं.

"न्हाई. कुणीच न्हाई."

"मग?"

"मग काढली. तुझी."

सौमित्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, उडी मारावी. पुणेकर म्हणून आवरलं त्यानं.

"फक्त एक कर," भालबांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "तुझ्या हातानं ही त्याला दे. येक फेरी मारून आणू दे."

"कुणाला?"

भालबांनी हनुवटीनं दाखवलं. लतीफ अजून डोळे मिटूनच होता.

"त्याला? भालबा, तो वास घेत फिरतोय!"

"व्हय. त्यालाच."

"आणि मी?"

"तू मागं बस. माझ्याशेजारी."

सौमित्रनं किल्ली मुठीत घट्ट आवळली. गाडी आपली झाली आणि पहिल्याच घटकेला ती त्या सांगलीकराच्या हातात द्यायची… पण भालबांना नाही म्हणायचं कसं?

त्यानं हात लांब केला. किल्ली मात्र बोटांतून सुटता सुटेना. शेवटी लतीफनंच ती हलकेच ओढून घेतली.

"मी? हिला? या अल्लाह!" असं म्हणत तो धावत जाऊन उजव्या दारानं आत बसला. समोर स्टिअरिंगच नाही! अमेरिकन गाडी, स्टिअरिंग डावीकडे. रात्रंदिवस याच गाडीची स्वप्नं बघणारा माणूस, आणि आनंदाच्या भरात तेवढंच विसरला. सगळी शेड हसली. सौमित्रही हसला असता, पण त्याला ते जमलं नाही.

डॉक्टरीणबाई न विचारताच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. भालबा आणि सौमित्र मागे कोंबले गेले. ती मागची सीट म्हणजे कसली सीट हो, नुसती नावाला. गुडघे हनुवटीला, डोकं छताला. भालबाही तिथे पहिल्यांदाच बसत होते.

कुणीतरी पळत येऊन पुन्हा लिंबं ठेवली. लतीफनं "बिस्मिल्ला" म्हटलं, किल्ली फिरवली, आणि पैलवानानं शड्डू ठोकला. लिंबं फच्चकन फुटली. म्हशींनी हिसके दिले.

"सावकाश, सावकाश!" सौमित्र ओरडला.

कोण ऐकतंय!

रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे ऊस. लतीफनं पाय दाबला तसा सगळ्यांच्या पाठीत धक्का बसला. डॉक्टरीणबाईंनी अशी काही किंकाळी मारली, की सायकलवरून जाणारे एक गुरुजी घाबरून उतरलेच. झेंडूची माळ वाऱ्यानं तुटली आणि पाकळ्या खिडकीतून आत येऊन चौघांच्या अंगावर पडायला लागल्या.

कच्च्या रस्त्याच्या वळणावर धुरळा उडाला. सौमित्रनं डोळे मिटून घेतले. मूळचा रंग…

उघडले, तेव्हा समोरच्या आरशात लतीफचा चेहरा होता. तो रडत होता आणि हसतही होता, आणि मध्येच इंजिनाशी काहीबाही बोलत होता. "वा गं माझी राणी. वा!"

सौमित्र चमकला. हेच शब्द तो स्वतः तिच्याशी बोलायचा. एकटा असताना. त्याला वाटायचं, हे फक्त आपल्यालाच होतं.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक. पुढच्या चढाला त्याच्याच तोंडून आरोळी निघाली.

"दाब, लतीफभाई! आणखी दाब!"

भालबांनी त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला, की तो डॉक्टरीणबाईंच्या सीटवर आपटला. मग सगळेच ओरडायला लागले.

परत आले तेव्हा निळा रंग ओळखू येत नव्हता. डॉक्टरीणबाईंच्या केसांचं घरटं झालं होतं. लतीफ खाली उतरला आणि दोन्ही हातांनी किल्ली सौमित्रसमोर धरली.

"घ्या साहेब. तुमची अमानत."

सौमित्रनं किल्ली घेतली. धुळीनं माखलेल्या गाडीकडे बघितलं, लतीफकडे बघितलं. मग वळून किल्ली भालबांच्या हातात दिली.

"भालबा, हिला लिलावात राहू द्या."

"का रं? दिली की तुला."

"हवीच आहे मला. उद्या सगळ्यांच्या आधी हात वर करीन आणि शेवटपर्यंत खाली घेणार नाही. पण… यांनाही करू द्या."

"मग उद्या तुमची खैर नाही, साहेब," लतीफ म्हणाला आणि त्यानं सौमित्रला कडकडून मिठी मारली. पांढऱ्या शर्टाचं वाटोळं झालं, पण सौमित्रला त्याचं काही वाटलं नाही.

मंडळी चहाला गेली. मस्टँगच्या बंपरला टेकून दोघंच उरले. भालबा मिशीतल्या पाकळ्या काढत होते.

"भालबा… इतकी वर्षं होती ही तुमच्याकडे. ही खरोखर आपली आहे, असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?"

भालबांनी मिशीतली शेवटची पाकळी काढली.

"आज. लतीफ चालवत हुता आन् आपण मागं वरडत हुतो, तवा."